एक देव, दोन गावे

सोलापूर-हैदराबाद रस्त्याने जाणाऱ्याला अणदूर हे तुळजापूर तालुक्यातले रस्त्याकडेचे एक गाव वाटते. भवानीच्या तुळजापूरचा शेजार असल्यामुळे असेल, पण इथल्या खंडोबाचा बोलबाला जेजुरीइतका झाला नाही. मला मात्र जेजुरीच्या भंडाऱ्यापेक्षा अणदूरच्या एका कागदाचे नवल अधिक वाटते.

इथला देव वर्षभर एका जागी राहत नाही. सव्वादहा महिने तो अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळ, बोरी नदीकाठच्या मैलारपूरला. मार्गशीर्षात अणदूरची यात्रा झाली की दोन्ही गावचे मानकरी एकत्र बसतात, देव नेण्या-आणण्याचा लेखी करार करतात आणि देव निघतो. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा मैलारपूरला भरते. मग तो परत येतो.

देवाच्या कामात कागद कशाला, असे कुणी विचारील. मला तर शहाणपण त्या कागदातच दिसते. भक्तीचा भर वाढला की माणसे देवावर मालकी सांगू लागतात. इथे दोन्ही गावांना दरवर्षी लिहून द्यावे लागते, की देव आमचा आहे आणि तुमचाही आहे. दुसरी मूर्ती घडवून हा व्याप कायमचा मिटवता आला असता, पण तसे कुणी केले नाही.

दुसऱ्याच्या दारी जाणे आपल्याकडे किती महागात पडे, ते पुण्याने पाहिले आहे. १८९० साली अँग्लिकन पंथाच्या पंचहौद मिशनने शहरातल्या मंडळींना बोलावले आणि चहा पुढे केला. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशांनी नावे छापली आणि त्या पेलाभर चहाचे प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. यजमानांचे दार उघडे होते. अडचण पाहुण्यांच्या घरी होती.

खंडोबाच्या घरी ही अडचण नव्हती. लोककथेत म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. शिवाय शिंपीण, माळीण आणि तेलीणही त्याच्या संसारात आहेत. मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणतात. कानडी मुलखात तो मैलार, तेलुगूत मल्लण्णा. निजामाच्या राज्यात या तिन्ही भाषा एकत्र नांदत. १९५६ साली भाषावार सीमा आखल्या गेल्या. देवाने त्या मनावर घेतल्या नाहीत.

एवढे कौतुक करताना एक गोष्ट मला गिळता येत नाही. नवसापोटी याच देवाला लहान मुली मुरळी म्हणून वाहिल्या जात. देवाला दोन घरे आणि पाच बायका. त्याच्या नावाने सोडलेल्या मुलीला मात्र स्वतःचे एकही घर मांडता येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे या चालीविरुद्ध उभे राहिले आणि मुरळ्यांची लग्ने व्हावीत म्हणून झटले.