दोन रूपांच्या मधलं खेळणं

गेल्या वर्षभरात आमच्याकडे आलेली परीक्षणं एकापाठोपाठ एक वाचून काढली, तेव्हा त्यांतली एक उणीव ठळकपणे दिसली. बहुतेक प्रत्येक परीक्षणात उभ्या रोबोचा फोटो आहे, विमानाचा किंवा गाडीचा फोटो आहे, रंगकामाची तपासणी आहे, चेहरा मालिकेतल्यासारखा उतरलाय की नाही यावर दोन परिच्छेद आहेत. पण त्या गाडीचा रोबो होतो कसा? त्यावर एकच वाक्य असतं: ‘ट्रान्सफॉर्मेशन सोपं आहे’, नाहीतर ‘जरा किचकट आहे’. ज्या गुणामुळे हे खेळणं नुसत्या पुतळ्याहून वेगळं ठरतं, त्याची एवढ्यावर बोळवण होते. पुढच्या अंकापासून परीक्षणाची पद्धत बदलायचं आम्ही ठरवलं आहे. का, ते नीट सांगायला हवं.

सुरुवात थोडी मागून करतो. गो नागाई यांचा ‘माझिंगर झेड’ १९७२ मध्ये टीव्हीवर आला आणि १९७४ मध्ये बांदाईच्या पॉपी या उपकंपनीने जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला माझिंगर ‘चोगोकिन’ या नावाखाली विकायला काढला. हे मालिकेतल्या काल्पनिक धातूवरून घेतलेलं नाव. हातात घेतल्यावर जाणवणारं वजन हेच त्याचं मोठं आकर्षण होतं. त्याची मूठ खटका दाबून उडवता यायची, पण माझिंगर शेवटपर्यंत माझिंगरच राहायचा. त्याच वर्षी ‘गेट्टर रोबो’ आला. तीन विमानं, आणि ती जोडण्याचा क्रम बदलला की वेगळा रोबो. पडद्यावर धातू हवा तसा ताणला जायचा, फुगायचा, कुठूनही हात फुटायचे. त्यातलं काहीही त्या काळच्या कारखान्यात घडवणं शक्य नव्हतं. मुलांनी पाहिलेलं रूपांतर आणि दुकानातून घरी आलेलं खेळणं यांच्यात मोठी दरी होती.

ही दरी बुजवण्याचा प्रयत्न हाच आपल्या या छंदाचा इतिहास आहे, असं माझं मत आहे. १९७५ मध्ये पक्ष्याचं रूप घेणारा ‘रायदीन’ आला. १९७६ च्या ‘कॉम्बॅटलर व्ही’ची पाच वाहनं सुटी खेळता येत आणि एकमेकांवर रचली की त्यांचा रोबो होत असे. पॉपीचे कात्सुशी मुराकामी यांचं नाव इथे आदराने घ्यायला हवं. पडद्यावर जे दिसेल ते हातात करता आलंच पाहिजे, हा आग्रह धरून काम करणाऱ्या पहिल्या पिढीतले ते. तिथून पुढे खेळण्याचा आराखडा आणि मालिकेचं चित्र एकाच टेबलावर ठरू लागलं.

या प्रयत्नाचं सगळ्यात सुंदर फळ कोणतं, असं विचारलं तर मी ‘मॅक्रॉस’च्या व्हीएफ-१ व्हॅल्कीरीचं नाव घेईन. शोजी कावामोरी यांनी अमेरिकन एफ-१४ टॉमकॅटच्या धर्तीवर हे विमान आखलं आणि १९८२ मध्ये ताकाटोकु कंपनीने ते १/५५ प्रमाणात बाजारात आणलं. आपली रूपांतरं कावामोरी लेगोचे तुकडे जोडून आधी हाताने करून बघतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या सवयीचा अर्थ हे खेळणं हातात घेतल्यावर कळतो.

पाव मीटरभर लांबीचं विमान. पोटाखालची दोन इंजिनं म्हणजेच रोबोचे पाय, आणि त्या पायांच्या मधे घडी करून ठेवलेले हात. पाय खाली झुकवायचे, गुडघे उलटे वाकवायचे, हात बाहेर ओढायचे. झाला गरवॉक: अर्धं विमान, अर्धा रोबो. खरी अडचण यानंतर येते. विमानात पाय मागे असतात, रोबोत ते पुढे, नाकाच्या दोन्ही बाजूंना यायला हवेत. ॲनिमेशनमध्ये हे अंतर डोळ्याचं पातं लवेपर्यंत पार होतं. खेळण्यात पाय अधांतरी जाऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक पायाला धातूची एक फिरती दांडी दिली. पाय आपली जागा सोडतो, पण दांडीला धरून राहतो, तिच्याबरोबर फिरून पुढे येतो आणि नाकाच्या कडेला जाऊन अडकतो. मालिकेतल्या विमानात ही दांडी कुठेच नाही. ती फक्त खेळण्यासाठी, खेळणाऱ्या हातासाठी शोधली गेली. एकही भाग सुटा न करता तीन रूपं. विमान म्हणून ते जरा गुबगुबीत दिसतं, रोबोचे खांदे आजच्या मानाने अवघडलेले वाटतात. तरीही त्या दांडीचा प्रवास एकदा बोटांनी अनुभवला की या उण्या बाजू किरकोळ वाटू लागतात.

पुढे यामातो कंपनीने व्हॅल्कीरीचं रूप चित्राच्या फार जवळ नेलं. पण त्यांच्या सुरुवातीच्या १/६० मध्ये पाय काढून पुन्हा लावावे लागत. त्यांच्याच १/४८ मध्ये ती गरज उरली नाही. दोन्ही खेळण्यांचे उभे फोटो शेजारी ठेवले तर हा फरक अजिबात दिसत नाही. आमचं म्हणणं आहे ते हेच. फोटोत न दिसणारा हा फरक परीक्षकाने सांगायचा असतो.

डायक्लोन आणि मायक्रो चेंज या ताकाराच्या मालिकांतून हॅस्ब्रोने १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ उभे केले, ही कथा वाचकांना पाठ आहे, त्यामुळे ती इथे उगाळत नाही. फक्त एक लक्षात आणून देतो. त्या पहिल्या ऑप्टिमस प्राइमच्या मुठी सुट्या होत्या आणि ट्रकचा रोबो झाल्यावर हाताने बसवाव्या लागत. जुन्या बाजारात मुठी हरवलेले कितीतरी प्राइम भेटतात ते यामुळेच. सुटा भाग हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नसतो, वीस-तीस वर्षांनी तो खेळणं पुरं की अपुरं हे ठरवतो. म्हणून ‘पार्ट्सफॉर्मिंग आहे’ एवढं लिहून थांबू नका. कोणता भाग सुटतो, तो दुसऱ्या रूपात कुठे ठेवता येतो, की टेबलावर पडून राहतो, हेही लिहा.

त्याच प्राइमच्या मास्टरपीस आवृत्त्या बघा. २००३ ची एमपी-१ धातूच्या वजनाने जिंकते. २०११ ची एमपी-१० हातात घेतली की प्रत्येक टप्पा पुढचा टप्पा सुचवत जातो. २०१९ ची एमपी-४४ कार्टूनमधल्या चित्राशी तंतोतंत जुळावी म्हणून ट्रकच्या कवचाची पातळ पॅनेलं घड्या होऊन अंगात शिरतात, आणि त्यासाठी बसून वेळ काढावा लागतो. कपाटात एमपी-४४ अधिक देखणी दिसते हे मला मान्य आहे. पण माझ्या मते या तिघींत एमपी-१० श्रेष्ठ आहे, कारण ती पुन्हा पुन्हा ट्रान्सफॉर्म करावीशी वाटते. कुणाचं मत वेगळं असेल तर त्याने एमपी-४४ ची बाजू जरूर मांडावी. मात्र ती घडीच्या आधारे मांडावी, चेहऱ्याच्या नव्हे.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी वजन येतं. जपानमधला संग्राहक दुकानात जाऊन नमुना बघू शकतो, जुन्या खेळण्यांच्या दुकानात सांधे हलवून घेऊ शकतो. पुण्यात, नाशकात किंवा पणजीत बसलेल्या वाचकाला ती सोय नाही. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची अट आली. एवढं सगळं सोसून दुकानदार दुर्मिळ जपानी रोबो मागवून ठेवेल ही अपेक्षाच चुकीची. आपला वाचक खेळणं न हाताळता, महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा बाजूला काढून ते मागवतो. परीक्षक त्याच्या वतीने ते हाताळत असतो. त्याची बोटं जे सांगतील त्यावर दुसऱ्याचा निर्णय ठरतो, ही जबाबदारी हलक्यात घेण्यासारखी नाही.

मग हाताळताना बघायचं काय? सगळ्यात आधी जोर कुठे पडतो ते बघा. पातळ बिजागरीवर भार येतो का, पॅनेल काढताना नख खुपसावं लागतं का, ताणाच्या जागी प्लास्टिकवर पांढरट रेघ उमटते का. डाय-कास्ट आहे म्हणून खूश होण्याआधी तो धातू लावलाय कुठे ते पाहा. कमरेच्या सांध्यात असेल तर तो काम करतो, छातीत ओतला असेल तर केवळ वजन वाढवतो आणि तो भार खालच्या प्लास्टिकच्या घोट्यांना पेलावा लागतो. धातूवर धातू घासला जात असेल तर रंगाचा टवका उडणारच, म्हणून तो कोणत्या टप्प्यावर उडू शकतो ते आधीच सांगा. रॅचेटचे सांधे जागच्या जागी कटकट वाजत थांबतात. नुसत्या घर्षणावर चालणारे सांधे पहिल्या दिवशी घट्ट असतात, पण चार आठवड्यांनी कसे होतात हे बघायला हवं. म्हणूनच डबा उघडल्याच्या संध्याकाळी लिहिलेलं परीक्षण यापुढे आम्ही घेणार नाही. खेळणं महिनाभर वापरा, कागद न बघता दोन्ही बाजूंनी घडी जमते का ते तपासा आणि मग लिहायला बसा.

डबा न उघडता जपणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आपल्यात आहे. त्यांच्या निष्ठेबद्दल आदर आहे, पण बंद डबा म्हणजे सुरक्षित डबा हा समज सोडून द्यायला हवा. ताकाटोकुच्या व्हॅल्कीरीच्या साच्यातूनच १९८५ मध्ये हॅस्ब्रोने ‘जेटफायर’ काढला. त्याचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि न उघडलेल्या डब्यातही ते पिवळं पडतं. ऊन हे एक कारण आहे, पण प्लास्टिकमध्ये मुळातच मिसळलेली रसायनंही त्याला हातभार लावतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरेपणा आणता येतो, पण तो टिकेलच अशी खात्री नसते, म्हणून दुर्मिळ नगावर हा प्रयोग करू नका. मऊ पीव्हीसीचे भाग थर्माकोलला वर्षानुवर्षं चिकटून राहिले तर थर्माकोल विरघळतो आणि त्याची खूण त्या भागावर उमटते. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतून फुगतो, तडकतो. त्यावर इलाज नाही. सोनेरी कणी मिसळलेलं काही जुनं प्लास्टिक तर नुसत्या हाताळण्यानेही चुरा होऊन पडतं. अशा नगाचं रूपांतर करू नये हे स्पष्ट लिहा, कारण नवशिक्याला ते ठाऊक नसतं.

मुंबई-कोकणातला पावसाळा ही आपली खास परीक्षा. लोखंडी पिना गंजतात, गंजाचा डाग पांढऱ्या प्लास्टिकमध्ये उतरतो, पुठ्ठ्याच्या डब्याला बुरशी येते, स्टिकरच्या कडा उचलल्या जातात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या बदलत राहा, आणि जूनपूर्वी सगळे नग एकदा तरी बाहेर काढून बघा. टोरांटो किंवा न्यू जर्सीतल्या आपल्या वाचकांची अडचण याच्या उलटी आहे. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं. घराबाहेर गारठलेलं पार्सल आलं तर खेळणं खोलीच्या उबेला येईपर्यंत सांध्यांना हात लावू नका.

आता नवी पद्धत. प्रत्येक परीक्षणासोबत रूपांतर अर्ध्यावर असतानाचा किमान एक फोटो हवा. त्या क्षणी खेळणं ना धड गाडी असतं ना धड रोबो, आणि करणाऱ्याने विचार किती केला ते तिथेच उघड होतं. नग मूळ आहे, रीइश्यू आहे की नक्कल, हे पहिल्या परिच्छेदात यावं. परवान्याशिवाय काम करणाऱ्या थर्ड पार्टी कंपन्यांच्या खेळण्यांचं परीक्षण आम्ही छापू, कारण त्यांच्यात उत्तम अभियांत्रिकी सापडते, पण ती परवानाधारक नाहीत हे लपवायचं नाही. दुसऱ्याचा साचा जसाच्या तसा उचलणाऱ्या नकलांना मात्र जागा मिळणार नाही. विक्रेत्याने नग फुकट पाठवला असेल तर तेही छापलं जाईल.

पुढच्या अंकात १/५५ व्हॅल्कीरीवर विस्तृत लेख घेत आहोत. ताकाटोकुची प्रत, ती कंपनी १९८४ मध्ये बुडाल्यानंतर बांदाईने काढलेली प्रत आणि जेटफायर, ही तिन्ही एकाच साच्यातून आलेली भावंडं. चार दशकांत त्या फिरत्या दांडीचं काय झालं हे अनेकांच्या संग्रहातून पडताळायचं आहे. ज्यांच्याकडे यांपैकी कोणतीही प्रत असेल त्यांनी एवढं कळवावं: दांडी किती सैल झाली आहे, पाय नाकापाशी अजून घट्ट अडकतात का, नग बहुतेक काळ कोणत्या रूपात ठेवला होता आणि कोणत्या गावात. जोर लावून काही तपासू नका, जेवढं सहज हलेल तेवढंच हलवा. टिपणं आणि फोटो २० तारखेपर्यंत आमच्या पत्त्यावर पोहोचावेत.