नाव बदलते, क्रमांक टिकतो

'सातबारा' हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेलच. गाव नमुना सातमध्ये जमिनीचा धारक, नमुना बारामध्ये तिच्यातील पिके. दोहोंना जोडतो तो गट क्रमांक.

संगणकावरील मुख्य फॉर्म व उपफॉर्मही अशाच सामाईक रकान्याने जोडतात. १९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या तक्त्यांच्या पद्धतीचे हेच मर्म आहे.

समजा, मुख्य फॉर्मवर गाव आहे आणि उपफॉर्ममध्ये तेथील विद्यार्थी. दुवा गावाच्या नावाचा. मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. एका तक्त्यात जुने नाव, दुसऱ्यात नवे. मग उपफॉर्म कोराच दिसणार! आपल्याला ठाऊक असते की गाव एकच. संगणक फक्त अक्षरे जुळवतो.

अशा वेळी माहिती पुसली गेली असे समजून पुष्कळजण ती पुन्हा भरतात. एकच विद्यार्थी दोनदा नोंदला जातो आणि शिष्यवृत्तीच्या यादीत घोळ होतो. माझ्या मते ही घाई मूळ दोषाहून वाईट. आधी मूळ तक्ता उघडून पाहा. नोंदी बहुधा तिथेच असतात. मग दोन्ही रकाने ताडून पाहा: नाव, जादा मोकळी जागा, एकीकडे अंक तर दुसरीकडे मजकूर.

शिक्षकांनी तर पहिल्याच तासाला सांगावे, की दुवा क्रमांकाचा ठेवा. गावाचे नाव बदलले, तरी क्रमांक बदलण्याचे कारण नाही.