ग्लुकोज केवळ जाळण्यासाठी नसते

ग्लुकोजचा शरीराला उपयोग काय? आठवीतल्या मुलाला विचारा, बारावीतल्या मुलीला विचारा, नाही तर दुकानातल्या ग्लुकोजच्या पुड्यावरची जाहिरात वाचा. उत्तर एकच मिळेल : ऊर्जा. हे उत्तर चूक नाही, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे आपण शाळेत शिकवत नाही आणि त्यामुळे दुहेरी नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्याच्या मनात पेशी म्हणजे एक भट्टी, एवढेच चित्र राहते, हे पहिले नुकसान. दुसरे नुकसान प्रत्यक्ष जिवाशी संबंधित आहे. त्याकडे आपण पुढे येऊ.

माझा विषय भौतिकशास्त्र. त्यामुळे पेशीकडे पाहताना मला पहिला प्रश्न सुचतो तो हिशेबाचा : इलेक्ट्रॉन निघाले कोठून आणि पोचले कोठे? श्वसनाच्या पाठात या प्रश्नाचे एक उत्तर तुम्ही वाचलेले असते. ग्लुकोजचे टप्प्याटप्प्याने ऑक्सिडीकरण होते, म्हणजेच त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. एनएडी नावाचा हमाल ते उचलतो आणि एनएडीएच बनतो. तो हे ओझे तंतुकणिकेत पोचवतो, शेवटी इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतात, आणि या उतारावर मोकळ्या झालेल्या ऊर्जेतून एटीपी तयार होते.

पण पेशीत आलेले सगळेच ग्लुकोज या वाटेने जात नाही. आत शिरताच त्याला एक फॉस्फेट जोडला जातो आणि तेथेच वाट फुटते. एक वाट भट्टीकडे जाते. दुसरीला पेंटोज फॉस्फेट मार्ग म्हणतात. या दुसऱ्या वाटेच्या दारात ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, उभे असते. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला जी६पीडी म्हणू. या वाटेवर ग्लुकोजच्या सहा कार्बनांपैकी एक कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो आणि पाच कार्बनांची शर्करा उरते. डीएनए आणि आरएनए यांच्या सांगाड्यासाठी लागणारी शर्करा येथूनच मिळते. निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीपी नावाच्या दुसऱ्या हमालावर लादले जातात व एनएडीपीएच तयार होते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे एनएडीपीएचचे दोन रेणू मिळतात. एटीपीचा मात्र एकही नाही! साखर खर्ची पडली आणि ऊर्जेच्या खात्यात जमा काहीच नाही.

मग हा तोट्याचा व्यवहार झाला का? कोकणातल्या कौलारू घराचा मालक दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारतो. त्या खर्चातून एका वेळचा भातही शिजत नाही. पण तो खर्च टाळला, तर आषाढात चुलीवरच गळू लागेल. एनएडीपीएच हा पेशीचा शाकारणीचा पैसा आहे. तो जाळायचा नसतो; त्यातून बांधायचे असते आणि बांधलेले राखायचे असते. मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉल तयार करताना पेशी त्याचे इलेक्ट्रॉन वापरते. जंतूंना मारण्यासाठी पांढऱ्या पेशी जे तीव्र पदार्थ तयार करतात, त्यांनाही तेच लागतात. आणि गंजण्यापासून पेशीचा बचाव होतो तोही त्यांच्याच बळावर.

तुम्ही विचाराल, इलेक्ट्रॉन वाहण्यासाठी एक हमाल असताना दुसरा कशाला? प्रश्न योग्य आहे. एनएडी आणि एनएडीपी यांत फरक आहे तो एका फॉस्फेट गटाचा. प्रमाणित स्थितीत मोजले तर दोघांचेही विद्युत विभव सारखेच, सुमारे उणे ०.३२ व्होल्ट, भरते. फरक पडतो तो पेशीतल्या परिस्थितीमुळे. तेथे एनएडी बहुतांशी रिकाम्या हाताने उभा असतो, म्हणजे इलेक्ट्रॉन घ्यायला तयार. एनएडीपी बहुतांशी भरलेला असतो, म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायला तयार. भरलेल्यांचे रिकाम्यांशी प्रमाण दसपटीने बदलले की विभव सुमारे ०.०३ व्होल्टने सरकते. त्या इवल्या फॉस्फेटच्या खुणेवरून विकरे दोघांना ओळखतात, आणि त्यामुळे पेशीत एकाच वेळी तोडणे आणि बांधणे ही दोन्ही कामे चालू शकतात. एकाच दमडीचे दोन गल्ले, पण एकाचा पैसा दुसऱ्यात मिसळू द्यायचा नाही!

या गल्ल्याची राखणही आपोआप होते. एनएडीपीएच खर्च झाले की रिकामे एनएडीपी वाढते आणि ते वाढले की जी६पीडीचे काम वेग घेते. टाकीतले पाणी उतरले की तरंगता गोळा खाली येऊन नळ उघडतो, तसेच हे.

आता तांबड्या रक्तपेशीचे उदाहरण घेऊ. हिला केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ती नवे विकर तयार करू शकत नाही. जन्माच्या वेळी मिळालेल्या शिदोरीवरच तिला दिवस काढायचे असतात. शिवाय ती आयुष्यभर ऑक्सिजन वाहते, म्हणजे गंजण्याचा धोका सर्वांत जास्त तिलाच. ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे उपद्रवी पदार्थ तयार होतच असतात. ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू आपले इलेक्ट्रॉन देऊन त्यांना निरुपद्रवी करतो आणि स्वतः रिकामा होतो. त्याला पुन्हा भरण्याचे काम एनएडीपीएच करते. इतर पेशींना एनएडीपीएच मिळवण्याचे आणखीही मार्ग असतात. तांबड्या पेशीला मात्र पेंटोज फॉस्फेट मार्गावाचून गत्यंतर नाही. एरवी ती आपल्या ग्लुकोजचा थोडाच भाग या वाटेने पाठवते. संकट आले की हा भाग कितीतरी वाढतो.

हे दार काहींच्या बाबतीत जन्मतःच अर्धवट बंद असते. जगात ४० कोटींहून अधिक लोकांत जी६पीडीची कमतरता असावी, असा अंदाज आहे. याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मुलांत ही कमतरता अधिक आढळते. भारतात काही समाजगटांत ती नगण्य आहे, तर काहींत शेकडा दहापेक्षाही अधिक आहे. बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही, कारण रोजच्या व्यवहाराला असलेला पुरवठा पुरतो. प्रश्न उभा राहतो तो अचानक मागणी वाढली की.

तसे कसे घडते, हे हिवतापाच्या एका औषधामुळे कळले. प्रायमाक्वीन दिल्यावर काही रुग्णांच्या तांबड्या पेशी झपाट्याने फुटत. दोष औषध घेणाऱ्याच्या शरीरात कोठे तरी आहे, की खुद्द पेशीत? अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात आल्व्हिंग यांच्या गटाने हा प्रश्न सोडवला. त्यांनी तांबड्या पेशींवर किरणोत्सर्गी क्रोमियम-५१ ची खूण केली आणि त्या एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात सोडल्या. बाधा होणाऱ्याच्या पेशी निरोगी माणसात सोडून त्याला औषध दिले, तरी त्या फुटल्या. निरोगी माणसाच्या पेशी बाधा होणाऱ्यात सोडल्या, तर त्या टिकल्या. म्हणजे दोष पेशीतच होता! हे १९५४ साली प्रसिद्ध झाले आणि १९५६ मध्ये तो दोष जी६पीडीच्या कमतरतेचा आहे हेही उघड झाले. प्रयोग म्हणून याचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. पण बंदिवानांवर असे प्रयोग करणे आज आपण योग्य मानत नाही, हेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे.

आता जिवाशी असलेला संबंध पाहा. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि ताप पुन्हा पुन्हा उलटतो. त्यांचा नायनाट करण्यासाठी भारतात प्रायमाक्वीन १४ दिवस देतात. औषध आवश्यकच आहे. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यात तर फारच. पण जी६पीडीची कमतरता असलेल्यांना ते देऊ नये, अशी सूचना आपल्याकडील उपचारपद्धतीतच आहे. कमतरता आहे की नाही, हे तपासल्यावाचून कळणार कसे?

दुसरे उदाहरण घरातलेच आहे. थोरल्या मुलाची दुपटी-झबली ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवतात आणि धाकट्याच्या जन्मानंतर ती काढून तशीच अंगावर घालतात. डांबरगोळीतील नॅफ्थलीन श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते व त्यापासून ऑक्सिडीकरण करणारे पदार्थ बनतात. जी६पीडी कमी असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात आणि जोराची कावीळ होते. अशी कावीळ वेळीच आवरली नाही, तर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवूच नयेत. हे एक वाक्य विज्ञानाच्या पुस्तकात असते, तर किती घरांत पोचले असते!

तपासणी काही अवघड नाही. एनएडीपीवर जंबुपार किरण टाकले तर ते चमकत नाही. एनएडीपीएच निळसर चमकते. रक्ताच्या थेंबात ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि एनएडीपी मिसळून ठरावीक वेळाने मिश्रणाचा ठिपका गाळणकागदावर घेतात आणि अंधारात जंबुपार दिव्याखाली धरतात. चमकला तर विकर पुरेसे आहे. काळाच राहिला तर कमतरता आहे. नुकत्याच पुष्कळ पेशी फुटून गेल्या असतील, तर उरलेल्या तरुण पेशींत विकर अधिक असल्यामुळे ही चाचणी फसवू शकते. दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावरच दोष असलेल्या स्त्रियांतही ती चुकू शकते. तरीही एका थेंबावरून एवढे सांगणारी परीक्षा म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांची गाठ कोठे पडते, याचे सुरेख उदाहरण आहे. ज्या भागांत ही कमतरता पुष्कळ आढळते, तेथे प्रत्येक नवजात बाळाची आणि प्रायमाक्वीनपूर्वी प्रत्येक रुग्णाची ही तपासणी व्हावी, असे मला वाटते.

शिक्षकबंधू-भगिनी म्हणतील, अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात हे कोठे बसवायचे? माझे म्हणणे एवढेच, की या मार्गातील विकरांची नावे कोणाकडूनही पाठ करून घेऊ नका. श्वसनाच्या पाठात एक परिच्छेद आणि फळ्यावर दोन फाटे असलेली एक आकृती पुरे. अकरावीत प्रकाशसंश्लेषण शिकवताना एनएडीपीएच येतेच. तेथे ‘पानात सूर्यप्रकाशाच्या बळावर बनणारा हा रेणू आपल्या रक्तात कशापासून बनतो?’ असा एक प्रश्न जोडला, की दोन पाठ आपोआप सांधले जातील.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही पाठ्यपुस्तक बदलण्याची वाट पाहू नका. आज घरी जाऊन ट्रंक उघडा. धाकट्या भावंडाच्या कपड्यांत डांबरगोळ्या असतील तर त्या काढून टाका, कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि का ते आजीला नीट समजावून सांगा. घरात कोणाला हिवताप झाला आणि डॉक्टरांनी प्रायमाक्वीन लिहून दिले, तर औषध परस्पर टाळू नका. ‘जी६पीडी तपासायचे का?’ एवढे नम्रपणे विचारा. औषध चालू असताना लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.