परोपजीवींच्या गुणसूत्रांची साक्ष

मानेसरच्या पुढे रेवाडी-महेंद्रगडकडे मोहरीचा पट्टा लागतो. त्या मोहरीच्या मुळांवर पोसणाऱ्या बंबाखूला तिथले शेतकरी मरगोजा म्हणतात. निपाणीच्या तंबाखूलाही बंबाखूच छळते. दोन्हींत हरितद्रव्य नाही आणि दोन्ही ओरोबँकी या एकाच प्रजातीत गणल्या जात. आता मोहरीवरची फेलिपांके प्रजातीत मोडते, आणि त्या फेरमांडणीला गुणसूत्रांचा भक्कम आधार आहे. त्यावर असे म्हटले जाते, की परोपजीवी जगण्याने गुणसूत्रांची घडीच विसकटते, मग त्यांच्या संख्येवर वर्गीकरण कसे उभारावे? हा आक्षेप विविधतेलाच अव्यवस्था समजतो.

अमरवेलीचे उदाहरण आक्षेपकांना सर्वांत सोयीचे वाटेल. तिच्या 12 जातींवरील 2021 च्या अभ्यासात जनुकसंचाचा आकार 342 पासून 34,734 दशलक्ष बेसजोड्यांपर्यंत, म्हणजे सुमारे शंभरपट बदलतो. तरीही ज्या गटात गुणसूत्रबिंदू एका जागी नसून गुणसूत्रभर पसरलेला आहे, त्याची मूळ संख्या 7 आहे. बाकीच्यांची 15 किंवा 16. परोपजीवीपणा साऱ्यांत समान, फरक मात्र वंशशाखेप्रमाणे. बंबाखूतही तेच दिसते. निपाणीकडच्या ओरोबँकी सर्नुआच्या पेशीत 38 गुणसूत्रे, मूळ संख्या 19. मोहरीवरच्या फेलिपांके इजिप्टिआकात 24, मूळ संख्या 12. ओरोबँकीच्या काही जातींत गुणसूत्रसंच दुप्पट-तिप्पट होतात, पण तेव्हाही हिशेब 19 च्याच पटीत राहतो. शिवाय फेलिपांकेच्या फुलाला मुख्य सहपत्राखेरीज दोन उपसहपत्रे असतात, ओरोबँकीला नसतात. फुलाची रचना आणि गुणसूत्रे, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फेलिपांकेच्या इजिप्टिआका आणि रामोसा या दोन्ही जातींत 24 च गुणसूत्रे आहेत, मग संख्येने जात ओळखता येईल का? नाही येणार, आणि तसा दावा करूही नये. संख्या प्रजातींमधली सीमा दाखवते. जाती वेगळ्या करायला फुलांचे बारकावे आणि डीएनए लागतात. मात्र एका साक्षीदाराला सारे ठाऊक नाही म्हणून त्याची साक्षच रद्द करणे हा न्याय नव्हे. अरवलीच्या पायथ्यापासून निपाणीपर्यंत परोपजीवी तणांच्या नोंदी करताना यजमान पीक, फूल, डीएनए आणि गुणसूत्रसंख्या एकत्र नोंदवली पाहिजे. एका तणावरचा अनुभव दुसऱ्याला लागू होईल का, हे ठरवण्याआधी त्यांचे नाते कळायला हवे, आणि ते नाते सांगणारा इतका जुना पुरावा हातचा सोडणे परवडणारे नाही.