पांढरा हत्ती कोणाच्या दारी?

ज्याच्या दारी हत्ती झुलतो तो भाग्यवंत, ही आपली जुनी समजूत. इंद्राचा ऐरावत शुभ्र. मायादेवीच्या स्वप्नात आलेला हत्तीही शुभ्रच. असे असता ‘पांढरा हत्ती’ म्हणताच आज डोळ्यांपुढे येते ते वैभव नव्हे, तर डबघाईला आलेले एखादे सरकारी महामंडळ. हा इंग्रजी वाक्प्रचाराचा प्रताप होय.

सयामचा राजा नावडत्या सरदाराला पांढरा हत्ती भेट देई. तो पवित्र म्हणून कामाला जुंपता येत नसे, राजाची देणगी म्हणून विकता येत नसे, आणि पोसता पोसता सरदार धुळीस मिळे, अशी ही कथा. तिला इतिहासाचा आधार नाही. उलट सयामात हे जनावर राजवैभवाचे चिन्ह होते. त्याच्या नावाचे मानपदक तेथे १८६१ साली सुरू झाले आणि १९१६ पर्यंत ध्वजावरही तेच होते.

कथा खोटी, पण तिच्यातले अर्थशास्त्र खरे. वस्तूची किंमत वेगळी आणि ती सांभाळण्याचा खर्च वेगळा. (हा भेद आमच्या विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिकेत अचूक मांडता येतो, हप्त्याने मोटार घेताना मात्र आठवत नाही.)

वऱ्हाडात हे विशेषण १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेला चिकटले. पांढऱ्या सोन्याचा पांढरा हत्ती झाला, असे टीकाकार म्हणत. तोटा खराच होता. हमी दर बाजारापेक्षा चढा असला की शेजारच्या राज्यांतला कापूस आपल्या केंद्रांवर येई. बाजार चढला की आपला कापूस चोरवाटांनी सीमेपलीकडे जाई. म्हणजे तोट्याच्या वेळी माल उदंड, नफ्याच्या वेळी गायब! चुकाऱ्यासाठी शेतकऱ्याला ताटकळावे लागे, हेही नाकारता येत नाही.

परंतु सयामच्या कथेतल्या सरदाराला हत्तीचा काडीचाही उपयोग नसतो. येथे कोरडवाहू शेतकऱ्याला पडत्या बाजारातही ठरलेला दर मिळत होता. हा लाभ हिशेबाच्या दुसऱ्या पानावर मांडावा लागतो, आणि ‘पांढरा हत्ती’ हे दोन शब्द उच्चारले की ते पान कोणी उघडत नाही. गैरव्यवस्था सुधारावी की योजनाच मोडावी, हा प्रश्न विचारण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

२००२ साली खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाली आणि एकाधिकार संपला. आजही भाव कोसळले की अकोला-अमरावतीचा कापूस उत्पादक हमी दराची खरेदी केंद्रे लवकर उघडा, म्हणून शासनाकडेच मागणी करतो.