यमनातला गजर, भैरवीतला गजर

शास्त्रीय गाणं आम्हाला कळत नाही, असं जुन्नर-आंबेगावातली माणसं सहज म्हणून जातात आणि शहरातले रसिकही ते लगेच मान्य करतात. मला ते मान्य नाही. ज्या गावांत दर वर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो, कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा होतो, तिन्हीसांजेला हरिपाठ होतो, तिथल्या माणसाला रागांची ओळख नाही असं कसं म्हणावं? रागाचं नाव त्याला सांगता येणार नाही. पण काकड्याची भूपाळी रात्री अकराला कुणी लावली, तर काहीतरी चुकलंय हे त्याला लगेच जाणवेल. एखादं संगीत माणसाचं आपलं होतं ते त्याचं व्याकरण कळल्यामुळे नाही. आयुष्यातल्या ठरावीक वेळांना ते पुन्हा पुन्हा भेटतं आणि त्यात त्याचा स्वतःचा आवाज मिसळलेला असतो, म्हणून ते आपलं होतं.

यावर पहिला आक्षेप असा की भजन म्हणजे शास्त्रीय संगीत नव्हे. त्यात ख्यालाचा विस्तार नाही, रागशुद्धीचा आग्रह नाही. चाल रंगली की बुवा खुशाल दुसऱ्या रागात शिरतो. हे खरं आहे. पण या चाली आल्या कुठून, तेही पाहायला हवं. भास्करबुवा बखले हे ख्यालगायकीतले थोर गवई. 1916 च्या ‘संगीत स्वयंवर’ नाटकातल्या पदांना त्यांनी चाली दिल्या आणि त्या बालगंधर्वांनी गायल्या. बखल्यांचेच शिष्य मास्टर कृष्णराव यांनी 1931 च्या ‘कान्होपात्रा’ नाटकाला संगीत दिलं. त्यातलं भैरवीतलं भजन तबकड्यांमधून गावोगाव गेलं आणि भजनी मंडळांनी ते आपलं केलं. संतांचे शब्द मंदिरातून रंगभूमीवर गेले आणि घराण्यांची तालीम अंगावर घेऊन परत मंदिरात आले. पुढे भीमसेन जोशींनी अभंगगायनाचे कार्यक्रम सुरू केले, तेव्हा ख्यालाच्या मैफलीला कधी न गेलेली माणसंही त्यांना गर्दी करू लागली. हा श्रोता एका रात्रीत तयार झालेला नव्हता. टाळ धरून उभं राहणाऱ्या कित्येक पिढ्यांनी तो घडवला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. लोकांना भिडतात ते तुकोबांचे शब्द, सूर केवळ वाहन आहे, असं पुष्कळ जाणती माणसं म्हणतात. ज्या जुन्नर तालुक्यात ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, तिथे शब्दांचं मोल कमी करायला कोण धजेल? तरीही नामाच्या गजराकडे नीट लक्ष द्यावं. ‘जय जय रामकृष्णहरी’ एवढेच शब्द. भजनाच्या आरंभी ते बहुधा यमनात किंवा भूपात, संथ लयीत येतात. जागराला मध्यरात्र उलटली की तेच मालकंसात ऐकू येतात आणि शेवटी भैरवीत. शब्दांत कानामात्रेचाही फरक नसतो. तरी आरंभीच्या गजराला माणूस सावरून बसतो आणि भैरवीला त्याचे डोळे भरून येतात. हा फरक शब्दांनी केला असं म्हणता येत नाही. तो सुरांनीच केला.

आणि हे सूर फक्त उत्सवापुरते नसतात. गावातला माणूस गेला की त्याला पोचवायला भजन असतं, आणि घोड, मीना, कुकडीच्या घाटांवर दशक्रियेच्या प्रवचनाआधी अभंग होतात. ज्या चालीवर मुलगा बापाशेजारी उभा राहून टाळ वाजवायला शिकला, तीच चाल त्या दिवशी त्याच्या कानावर पडते. मैफलीच्या तिकिटावर असं नातं मिळत नाही. युरोपातही बाखच्या धर्मसंगीताचा पाया लोकांच्या तोंडी असलेल्या प्रार्थनागीतांचा होता. लाइपझिगच्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाला त्या रचनेची गुंतागुंत उलगडत नसेल, पण त्यातलं गीत त्याचं स्वतःचं होतं.

मंदिराचा ओटा सगळ्यांना सारखा खुला होता का, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. तो तसा नव्हता. पण सुरांची शाळा मंदिरातच भरत होती असंही नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात आणि विठाबाईंच्या गाण्यात गण, गवळण, लावणी यांमधून पिलू-भैरवीसारख्या रागांचे रंग लोकांपर्यंत पोचले, आणि समोर बसणारा शेतकरी बहुतेक वेळा सप्ताहात टाळ धरणाराच होता. बायकांना पुष्कळ काळ टाळ-पखवाजापासून लांब ठेवलं गेलं. आता महिला भजनी मंडळं गावोगाव उभी राहिली आहेत. या ऐकण्यावर हक्क कोणाचा, याची व्याप्ती वाढते आहे, आणि ती वाढायलाच हवी.

मला काळजी वाटते ती वेगळीच. सप्ताहाचा खर्च आणि वेळ आता नामवंत कीर्तनकाराच्या दोन तासांभोवती गोळा होतो. मांडव त्याच वेळी भरतो आणि पुढच्या जागराला मोजकीच माणसं उरतात. कीर्तन ऐकायचं असतं. जागर मात्र स्वतः गायचा असतो. पोरगं चुकत चुकत चाल उचलतं, पखवाजावर हात बसवतं, वरच्या पट्टीत आवाज फाटला तरी कोणी त्याला गप्प करत नाही, ते याच जागरात. सप्ताहाच्या पत्रिकेत कीर्तनकाराचं नाव ठळक छापणाऱ्या मंडळांनी एक रात्र तरी गावातल्या पोरापोरींच्या भजनासाठी राखून ठेवावी आणि त्या रात्री ध्वनिक्षेपक बंद ठेवावा.