शांताबाईंचे ‘किरकोळ’ लेखन

परवा एका अभ्यासक्रम-समितीत शांता शेळके यांचे नाव निघाले. एक विद्वान सदस्य म्हणाले, “बाई गुणी खऱ्या; पण गाणी, बालगीते आणि भाषांतरे अशा किरकोळ लेखनात त्यांची शक्ती खर्ची पडली.” सर्वांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. आमच्या मते तो तेथून सुरू व्हावयास हवा होता.

शांताबाईंचा जन्म १२ ऑक्टोबर १९२२ रोजी इंदापूर येथे झाला. बालपण मात्र मंचर-खेडच्या परिसरात गेले. त्या काळी आंबेगावकडील घरांत कविता प्रथम पुस्तकातून येत नसे. ती जात्यावरच्या ओवीतून, सणावारांच्या गाण्यांतून आणि उखाण्यांतून येई. आई दळता दळता ओवी म्हणे, आणि मांडीवरचे मूल तीच ऐकत झोपी जाई. मोठ्यांचे काव्य निराळे व मुलांचे निराळे, ही वाटणी त्या घरास ठाऊक नव्हती. ती आम्हा प्राध्यापकांनी केली. शांताबाईंनी कवितासंग्रहास ‘गोंदण’ आणि आठवणींस ‘धूळपाटी’ ही नावे दिली, ती काही उगाच नव्हेत.

राहिला शक्ती खर्ची पडल्याचा आरोप. ‘वर्षा’ हा संग्रह १९४७ चा. त्यानंतर नव्वदीच्या दशकापर्यंत त्यांची कविता चालूच राहिली. ज्या हाताने कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणले, त्याच हाताने अल्कॉटबाईंच्या ‘लिटल विमेन’ची ‘चौघीजणी’ केली. संस्कृत पंडितास आणि बारा वर्षांच्या मुलीस एकाच वेळी तृप्त करणारी लेखणी दुबळी कशी म्हणावी? त्यांची काही गीते मागणीबरहुकूम लिहिलेली आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु झाडाची पारख गळलेल्या पानांवरून करावयाची नसते.

लोकांच्या तोंडची भाषा हलकी, असे मानणाऱ्यांनी एकदा जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावे. तेथे ज्या सातवाहनांचे शिलालेख आहेत, त्यांच्यापैकी हाल राजाच्या नावावर गाथासप्तशती चालत आली आहे. प्राकृतातील त्या खेडवळ गाथांतून आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञाने उदाहरणे घेतली. त्यास जे किरकोळ वाटले नाही, ते आमच्या समितीस वाटावे!

परदेशाचे प्रमाणपत्र लागत असेल, तर तेही आहे. टेक्सासमधील एल पासो येथे १९४२ साली जन्मलेल्या, मेक्सिकन वंशाच्या पॅट मोरा यांनी मोठ्यांसाठी कविता लिहिल्या आणि मुलांसाठी पुस्तकेही. इंग्रजीच्या दडपणाखाली घरची स्पॅनिश टिकावयाची असेल, तर ती प्रथम मुलांच्या ओठी हवी, हे त्यांनी ओळखले. १९९६ मध्ये त्यांनी मांडलेल्या कल्पनेतून तेथे ३० एप्रिलला मुलांचा व पुस्तकांचा उत्सव होऊ लागला.

आणि आम्ही? मुलांस इंग्रजी शाळेत घालावयाचे, दहा वर्षे मराठी कवितेचा वाराही लागू द्यावयाचा नाही, आणि विसाव्या वर्षी त्यांनी मर्ढेकर वाचावा अशी अपेक्षा करावयाची! कवितेचा वाचक महाविद्यालयात जन्मास येत नाही. तो पाळण्यात जन्मतो. म्हणून आमची मागणी एवढीच : पदवीच्या अभ्यासक्रमात ‘गोंदण’च्या शेजारी शांताबाईंची बालगीतेही असावीत, आणि त्यांवर प्रश्नही विचारावा. उत्तर लिहिणे विद्यार्थ्यांस कदाचित सोपे जाईल. तपासणे मात्र आम्हास जड जाईल.